वहीवाल्या बाई आणि आठवड्याभराचे कांदे

घरखर्चाच्या पाहणीत बाईंची उभी हयात गेली. घराघरात खर्चाची वही ठेवायची, आठवड्याने जाऊन ती तपासायची, एवढंच काम. पण त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. माणसं खर्च विसरतात, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून त्या सरळ स्वयंपाकघरात जात, कचऱ्याच्या डब्यात डोकावत आणि विचारत, "ही बिस्किटं कोणी फस्त केली? लिहिलीत का?" लोक हसत आणि लिहीत. एकाही आकड्यात बाईंनी कधी फेरफार केला नव्हता, आणि त्याचा त्यांना चांगलाच तोरा होता. सगळे त्यांना वहीवाल्या बाई म्हणत.

मग वही गेली आणि मोबाइल आला. घरातल्या प्रत्येकाने आपल्या फोनवर आपापला खर्च लिहायचा, असं ठरलं. आधी थोड्या घरांत चाचणी. बाईंनी कुरकुर केली, चष्मा पुसला आणि शिकून घेतलं. न शिकून सांगतात कोणाला?

चाचणीतल्या एका घरात नवरा-बायको दोघंच होती. नवरा गोडबोल्या. त्याने स्वतः खुर्ची पुढे केली, चहा करायला सांगितला. बायको फार बोलत नव्हती. तिला फोनवर नोंद करायला शिकवताना बाईंची नजर सहज आतल्या खोलीकडे गेली. त्या खोलीच्या दाराला कडी बाहेरून होती, नवी कोरी, आणि आतून काहीच नव्हतं. तेवढ्यात नवऱ्याला कोणाचा तरी फोन आला आणि तो बाल्कनीत गेला.

"बाई, मोठी बॅग घेतली तर तीही लिहायची?" बायकोने खालच्या आवाजात विचारलं. "आणि कुठे खोलीसाठी पैसे भरले तर?"

बाई काय ते समजल्या. पण सवय कशी सुटणार? "सगळं लिहा, ताई. तुमचं तुमच्याकडे आणि ऑफिसकडे. घरातलं दुसरं कोणी बघणार नाही. माझा शब्द आहे."

आठवडा सरत आला तेव्हा ऑफिसात बैठक झाली. चाचणीच्या मॅडम खुशीत होत्या. म्हणाल्या, "लोक कंटाळून लिहायचं सोडतात ना, त्यावर उपाय सापडलाय. आज संध्याकाळी प्रत्येक कुटुंबप्रमुखाच्या फोनवर घरातल्या सगळ्यांच्या खर्चाची यादी जाईल. बघून गंमत वाटेल त्यांना."

बाई ताडकन उठल्या. "सगळ्यांच्या? बायकोने लिहिलेलं नवऱ्याला दिसणार?"

"एकच घर ना बाई! त्यात लपवायचं काय?"

"थांबवा ते. आत्ता."

"आता कसं थांबणार? सगळं आपोआप जातं."

बाईंनी पर्स उचलली ती बाहेरच पडल्या. बस येईना, तशा त्या चालत सुटल्या, मग पळतच. वाटेत त्या घरी फोन लावावा असं मनात आलं, पण फोन नवऱ्याने उचलला तर? ती कडी डोळ्यांपुढून हलेना. आपण शब्द दिला, आपणच तिला विहिरीच्या काठावर नेऊन उभं केलं, असं त्यांना वाटत होतं.

दार नवऱ्याने उघडलं. फोन त्याच्या हातातच होता.

"या बाई! शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला. तुमचीच यादी वाचतोय." तो हसत होता. बायको स्वयंपाकघराच्या दारात ओला पेला पुसत उभी होती. पेला कधीच कोरडा झाला होता, तरी ती पुसतच होती.

"बायकोचा खर्च ऐका," तो म्हणाला आणि मोठ्याने वाचू लागला. "कांदे. दूध. कांदे. साबण. कांदे. कांदे." त्याचं हसू हळूहळू आटत गेलं. "एवढे कांदे? दोन माणसांच्या घरात? काय गं, कुठे गेले हे कांदे?"

बायकोने पेला ओट्यावर ठेवला.

"अ‍ॅपची चूक आहे, साहेब." आपलाच आवाज बाईंना परका वाटला. "एकदा लिहिलेलं चार-चारदा उमटतं. सगळ्या घरांत तोच गोंधळ. म्हणून तर धावत आले. आणा इकडे, काढूनच टाकते."

त्याने बाईंकडे रोखून बघितलं. मग फोन दिला. बाईंनी ते अ‍ॅप पुसून टाकलं.

बायको दारापर्यंत सोडायला आली. आत नवऱ्याने टीव्ही लावला तेव्हा पुटपुटली, "तुम्ही म्हणालात ना, कोणी बघणार नाही? असं मला आधीही सांगितलंय लोकांनी. म्हणून बॅगेच्या जागी मी कांदेच लिहिले."

बाईंना तिच्याकडे बघवेना. त्या मान खाली घालून जिना उतरल्या.

चाचणी संपल्यावर प्रत्येक घरी शेवटची भेट द्यावी लागते. त्या घरी जायचं बाईंनी शेवटपर्यंत टाळलं, पण गेल्या. नवरा एकटाच होता. दाढी वाढलेली, खुर्ची पुढे करणं नाही, चहा नाही. त्याच्यामागे आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं.

"गेली ती," तो म्हणाला. "कुठे, ते कोणी सांगत नाही." बोलता बोलता तो बाईंना वळसा घालून दाराशी गेला आणि बाई आणि जिना यांच्या मधोमध उभा राहिला. "ऑफिसात सगळं असतं ना तुमच्याकडे? तिने काय घेतलं, कुठे पैसे दिले, बघून सांगा. आत्ता. मी इथेच थांबतो."

खोटं काय सांगावं, ते बाईंना सुचेना. त्यांनी फोन काढला, त्या घराच्या नोंदी उघडल्या आणि फोन त्याच्यापुढे धरला. त्याने बोटाने यादी वर सरकवली, पुन्हा खाली सरकवली, पुन्हा वर.

"कांदे, साहेब," बाई म्हणाल्या. "दूध-साबण सोडलं तर दुसरं काही लिहिलेलंच नाही त्यांनी."

तो बाजूला झाला.