वाळवंटात बुडालेला तांडेल

लिहायला बसलो खरा, पण हे माझं काम नाही हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे फॉर्म भरणं, आणि तोही दुसऱ्याकडून भरून घ्यायचा. कॉलेजात जाणारा मी घरातला पहिला. दोन वर्षं शिकलो म्हणून लोकांपुढे चार पानं मांडावीत, एवढी माझी लायकी नाही. चुका दिसतील, त्या वाचणाऱ्यांनी पोटात घालाव्यात. शुद्धलेखनाच्या म्हणतोय. दुसरी एक आहे, ती पोटात घाला असं मी म्हणणार नाही.

आमचं गाव पूर्णगडच्या खाडीलगत. अब्बा तरुणपणी आजोबांच्या होडीवर होते. मग मोहल्ल्यातल्या बाकीच्यांसारखे आखातात गेले आणि पाण्याचा टँकर चालवू लागले. मी तिसरीत होतो तेव्हा मुंबईचा एक सिनेमा तिथल्या वाळवंटात चित्रित होत होता. नायक तहानेने कासावीस होऊन टेकड्यांवरून चालत येतो, असा प्रसंग होता. त्या तहानेला लागणारं पाणी अब्बांच्या टँकरमधून येई. दहा माणसं झाडू घेऊन अख्खी टेकडी झाडत, कारण नायकाआधी तिच्यावर कुणाचं पाऊल दिसून चालत नसे. अब्बा फोनवर हे सांगत आणि अम्मी हसून म्हणे, "आमच्याकडे अंगण झाडायला माणूस मिळत नाय."

युनिटचा मॅनेजर रत्नागिरीचाच निघाला. परमुलखात गाववाला भेटला की आमची माणसं विरघळतात. अब्बा त्याच्यासाठी कॅम्पवरून सुक्या बांगड्याचं कालवण डब्यात घालून नेत.

एका दुपारी ऊन उतरायच्या आत दृश्य संपवायचं होतं. मॅनेजरने टँकर जवळच्या वाटेने आणायला सांगितलं. मधे पांढरट, सपाट जमीन होती. अब्बांनी ती पाहिली आणि ओळखली. आमच्या खाडीकाठच्या खाजणात अशीच असते, वर मिठाची खपली आणि खाली चिखल. त्यांनी तसं सांगितलं. तो म्हणाला, "मी सांगतोय ना. आण." गाववाल्याचा शब्द म्हणून अब्बांनी टँकर घातला. तो आसापर्यंत रुतला आणि दोन दिवस शूटिंग बंद पडलं. संध्याकाळी मॅनेजरने एक कागद पुढे केला. नुसती रीत आहे, सही कर, म्हणाला. अब्बांनी केली. पंधरा दिवसांत कंपनीने त्यांना घरी पाठवलं.

जेटीवर त्यांना नाव पडलं, वाळवंटात बुडालेला तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. कुणी जाळं विणताना म्हणे, "भरती कधी हाय रे? विचारा त्याला. त्याला वाळूतसुद्धा पाणी लागतं." अब्बाही हसत. मला ते हसणं सहन होत नसे. पुढे तो सिनेमा टीव्हीवर लागला. वाळवंट सगळं मिळून दोन मिनिटांचं होतं. आम्ही डोळे फाडून पाहिलं. टँकर कुठेच नव्हता.

कॉलेजात गेल्यावर पहिल्या सुट्टीत मी अब्बांची पत्र्याची पेटी उघडली. कागद तिथेच होता, इंग्रजीत. त्यात लिहिलं होतं, "नको सांगितलेलं असताना मी स्वतःच्या मर्जीने गाडी त्या जागी नेली, आणि नुकसानीला मी एकटा जबाबदार आहे." खाली अब्बांची सही, एकेक अक्षर वेगळं काढलेली. मी त्यांना विचारलं, यात काय लिहिलंय ठाऊक आहे का? ते म्हणाले, "गाडी रुतली असं असेल." मी हो म्हणालो आणि कागद घडी करून ठेवला. त्या दिवसापासून मला त्या मॅनेजरचं वाईट व्हायला हवं होतं. नमाजाला उभा राहिलो तरी तेच मनात येई.

आणि तो मॅनेजर आला; त्याचं नाव अब्बांच्या तोंडून कितीदा तरी ऐकलं होतं. ह्या वर्षी, हिवाळ्यात. कुठल्याशा सिनेमाचे वाळवंटातले दोन-तीन तुकडे घ्यायचे राहिले होते. पुन्हा तेवढ्या लांब कोण जाणार? समुद्राकडे पाठ करून कॅमेरा लावला की आमचा किनाराही वाळवंट दिसतो. त्यांना किनारा माहीत असलेला कुणीतरी हवा होता. आमच्या एका सरांनी माझं नाव सुचवलं.

त्याने मला विचारलं, "कुणाचा रे तू?" मी मोहल्ला सांगितला, बापाचं नाव सांगितलं नाही. त्याने ओळखलं नाही. तो बोलायला चांगला होता, हे लिहायला मला जड जातं. संध्याकाळची भरती होती. त्याने विचारलं, पाणी कुठपर्यंत येतं? मी वाळूवरची ओल्या शेवाळाची रेघ दाखवली. "इथपर्यंत."

खोटं नव्हतं. पण त्या दिवशी चांदाची आठवी होती, भांगाचं पाणी, म्हणजे महिन्यातलं सगळ्यात आळशी. त्यांचं शूटिंग पंधरावीला, म्हणजे पौर्णिमेच्या उधाणात होतं. आम्ही चांदाच्या तारखा मोजतो, हिंदू शेजारी तिथी मोजतात, उधाण मात्र दोघांचं एकच. उधाणाच्या सकाळी ओहोटी इतकी लांब जाते की किनारा मैदानासारखा कडक आणि रुंद होतो. नवख्याला वाटतं, हवी तिथे गाडी न्यावी. दुपारी तेच पाणी सुरूच्या बनाला लागतं. हे आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल. मी सांगितलं नाही. त्याने विचारलं नाही, असं मी स्वतःला बजावलं. घरीही बोललो नाही. अब्बा शूटिंगच्या दिशेला जायचे नाहीत, हे मला माहीत होतं.

पंधरावीला माझी रत्नागिरीत प्रॅक्टिकल परीक्षा होती. लक्ष सारखं घड्याळाकडे जात होतं. दीडच्या सुमाराला चुलत भावाने फोटो पाठवला. जनरेटरची लॉरी, दरवाजाच्या कडीपर्यंत पाणी, आणि मागे छत्री धरून उभा असलेला तो. मी फोटो मोठा करून त्याचं तोंड पाहिलं. कँटीनमध्ये जाऊन दोन वडापाव खाल्ले. इतकी चव मला कधी लागली नव्हती. वाटलं, आता जेटीवर दुसऱ्या कुणाला तरी बुडालेला म्हणतील.

संध्याकाळी अब्बांचा फोन आला. आवाज बसलेला होता. मी काहीच माहीत नसल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, लॉरी बुडताना जेटीवरून दिसली, मग ते दोरखंड घेऊन धावले, मोहल्ल्यातली आणखी आठ-दहा माणसं आली, पण इंजिनात पाणी गेलं होतं. मी विचारलं, "त्या मॅनेजरने तुम्हाला ओळखलं?"

"नाय. मी ओळखला. दोर त्याच्याच हातात दिला."

मी विचारलं, मग त्याचं काय झालं?

"त्याचं काय होणार? तो मुंबईला गेला. ड्रायव्हरला काढला. सावर्ड्याचा होता. बोलत होता, मी साहेबाला सांगितलं, वाळू ओली लागते, पुढे नको. त्यालाच कागद दिला सही करायला. इंग्रजीत होता. मी सांगितलं त्याला, करू नको, आमच्याकडे कोणतरी वाचून दाखवेल. पण तो घाबरला होता. केली." मग म्हणाले, "तू असतास आज, तर वाचून दाखवला असतास."