मोठ्या काकांच्या खालची नावं

आमच्या खाडीकाठच्या गावात घर कितीही जणांचं असलं तरी नाव एकाचंच लागतं. थोरल्या भावाचं, आणि पुढे ‘व इतर’. माझी आत्या जन्मभर त्या ‘इतर’मध्ये राहिली. लग्न केलं नाही, खाडीतले खुबे, म्हणजे शिंपल्या, विकून घर तिनंच सावरलं, पण विचारतो कोण?

मी बेलापूरच्या एका कंपनीत वेबसाइट बनवते. गावातली घरं पाडून टॉवर बांधायचं घाटत होतं, तेव्हा गावकीने घरोघरच्या हक्कदारांचं पान मला फुकटात बनवायला सांगितलं. पानावर ज्याचं नाव, त्यालाच सभेत बोलता येणार होतं. आत्याला टॉवर नको होता. तिला बोलायचं होतं.

डेटाबेसमध्ये मी सगळ्यांची नावं भरली, आत्याचंही. पान उघडलं, तर प्रत्येक घरापुढे फक्त पहिलं नाव! चूक अगदी शाळकरी होती. डेटाबेस सगळ्या ओळी काढून ठेवतो, पण पान दाखवणाऱ्या स्क्रिप्टच्या, म्हणजे माझ्या प्रोग्रॅमच्या, हातात एका वेळी एकच देतो. संपेपर्यंत मागत राहावं लागतं. मी एकदाच मागून गप्प बसले होते.

दुरुस्त करणार तेवढ्यात मोठ्या काकांनी, म्हणजे गावकीच्या अध्यक्षांनी, ते पान मोबाइलवर पाहिलं आणि खूश झाले.

“आसाच ठेव. एका घराचा एक नाव. बाकीच्यांचा काय काम?”

“काका, ती चूक आहे.”

“चूक कशी? आपल्यात आसाच असतं.”

माझं डोकंच फिरलं. माझी घाईतली चूक आणि गावाची रीत हुबेहूब सारखी दिसत होती, याचाच जास्त राग आला. “फुकटात करतेय ना, मग माझ्या मनासारखंच होणार,” असं तोंडावर सांगितलं आणि तिथंच लॅपटॉप उघडून ओळी संपेपर्यंत मागत राहणारा लूप घातला.

सभेला देवळाच्या मंडपात पडद्यावर पान लावलं. आमच्या घरापुढे मोठे काका, त्यांच्याखाली बाबा, त्याखाली आत्या. बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. इतर घरांच्या ओळींतही कुणाच्या बहिणी, कुणाच्या विधवा भावजया दिसायला लागल्या होत्या.

आत्या उभी राहिली. काका समजुतीच्या सुरात म्हणाले, “दिसला ना नाव? झाला ना समाधान? बस आता.”

“नाव बगाला नाय आली मी, दादा,” आत्या म्हणाली. “बोलाला आली हाय. माईक दे.”