आबा घाडींचा राजपुत्र उत्तर

आबा घाडी लिफ्टमध्ये शिरले की आधी आरशातल्या स्वतःला मुजरा करायचे. "या राजे!" म्हणायचे, डोक्यावर नसलेला मुकुट दोन्ही हातांनी नीट बसवायचे आणि मगच बटण दाबायचे. हातात कोथिंबिरीची जुडी असली तर ती तेवढ्यापुरती काखेत जायची. लालबागला चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या आमच्या टॉवरमध्ये भाड्याने आलेली नवी माणसं सुरुवातीला दचकायची. जुन्यांना ठाऊक होतं की आबा तरुणपणी गिरणीत होते, आणि दरवर्षी जत्रांच्या मोसमात रजा टाकून कुडाळजवळच्या आपल्या गावी दशावतारात राजे रंगवायला जायचे. गिरणी गेली, रजा टाकायची गरजच उरली नाही. अंगातले राजे मात्र गेले नाहीत.

माझी आणि त्यांची ओळख लिफ्टमध्ये झाली नाही, जिन्यात झाली. मी तेव्हा अकरावीत होते आणि लिफ्ट टाळत होते. लिफ्टच कशाला, बरंच काही टाळत होते. वर्गात हजेरीला 'प्रेझेंट' म्हणायची वेळ जवळ आली की छातीत धडधड सुरू व्हायची, बोटांना मुंग्या यायच्या, आपल्याला आता श्वासच घेता येणार नाही असं वाटायचं. आई म्हणायची, "अगं, परीक्षा नाही, काही नाही, घाबरतेस कशाला?" तेच तर मला कळत नव्हतं. आणि गंमत म्हणजे ही घाबरट मुलगी घरी बसून चक्रव्यूहाच्या आकृत्या काढायची. माझ्या खोलीच्या भिंतीवर नट-नट्या नव्हत्या. किल्ल्यांचे नकाशे होते. आमचा एक ऑनलाइन कंपूही होता. कोणी नागपूरची, कोणी कोल्हापूरचा, एक इंदूरची. आम्ही पुराणातल्या लोकांची चित्रं काढायचो, त्यांच्यावर गोष्टी रचायचो आणि कोणता योद्धा थोर यावरून दिवसदिवस भांडायचो. तिथे माझा दरारा होता. कॉलेजात मात्र माझा आवाज कसा आहे हेसुद्धा फारसं कोणाला माहीत नव्हतं.

एकदा मी अर्ध्या तासिकेतून उठून घरी निघून आले आणि जिन्यातच गुडघ्यांत डोकं घालून बसले. वरून आबा उतरत होते. त्यांच्या बायकोने, काकींनी, त्यांना गुडघ्यांसाठी जिन्याचा व्यायाम लावून दिला होता. ते माझ्याशेजारी पायरीवर टेकले. मग माझ्या बॅगेकडे बोट दाखवून म्हणाले, "हो कोण गो? वॉचमन?"

बॅगेवर मी स्वतः रंगवलेला घटोत्कच होता.

"घटोत्कच आहे तो!"

"होय? मगे तेच्या हातात दांडो कित्याक?"

"दांडा नाही, गदा आहे!" मी तावातावाने त्यांना घटोत्कचाचा सगळा पराक्रम सांगितला, जन्मापासून शेवटच्या रात्रीपर्यंत. सांगून झाल्यावर लक्षात आलं की मुंग्या गेल्यात आणि श्वास आपला आपण चाललाय. आबा हात टेकून उठले. "चल, काकी घावणे करता. पण गदा परत काढ. दांडोच दिसता तो."

तेव्हापासून मी त्यांच्याकडे पडीक असायचे. काकी चहा द्यायच्या आणि आम्ही दोघं भांडायचो. मी म्हणायचे, असं कुठल्याच पोथीत नाही. आबा म्हणायचे, "पोथीत नसांदे. आमच्या कंपनीत होता." दशावतारात लिहिलेले संवाद नसतात, कथा ठरते आणि बाकीचं ज्याने त्याने उभ्या उभ्या रचायचं. त्यामुळे आबांच्या तोंडी रावणही मालवणी म्हणी वापरायचा. मी त्यांचे व्हॉइस मेसेज आमच्या कंपूत पाठवू लागले. नागपूरच्या मुलीला निम्मे शब्द कळायचे नाहीत, तरी ती रोज विचारायची, 'राजे आज काय बोलले?' आबांना हे कळल्यावर ते मेसेज बोलण्याआधी घसा खाकरून शर्टाचं वरचं बटण लावू लागले.

आई मला परळच्या एका समुपदेशक बाईंकडेही नेत होती. त्या फार समजूतदार होत्या. श्वास कसा सोडायचा ते त्यांनी शिकवलं, आणि त्याचा उपयोगही व्हायचा. आबा दर वेळी विचारायचे, "बाईन काय सांगितल्यान?" आणि मी सांगितलं की स्वतः तसा श्वास घेऊन बघायचे. म्हणायचे, "ह्या माका आदी म्हायत असता तर बरां झाला असता. मी आपलो ओकत होतंय."

कारण आबांना रंगमंचाची भीती वाटायची. राजे रंगवणाऱ्या माणसाला! तोंडाला रंग लावून झाला की ते देवळामागे जाऊन ओकून यायचे, पखवाजवाल्याच्या खांद्यावर घटकाभर हात ठेवायचे आणि मग गर्जना करत शिरायचे. "एक वर्स चुकला नाय," ते अभिमानाने सांगायचे. जणू ओकणं हाही पूजेचाच एक भाग.

मी विचारलं, "तुमची आवडती भूमिका कोणती?" मला वाटलं रावण म्हणतील.

"उत्तर."

मी हसलेच. आमच्या कंपूत राजपुत्र उत्तर म्हणजे निव्वळ चेष्टेचा विषय. बायकांसमोर बढाया मारून युद्धाला निघालेला, समोर कौरवांची सेना दिसताच रथातून उडी टाकून पळत सुटलेला. बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन त्याच्या मागे धावतो, त्याला धरून आणतो.

"हसतंस काय?" आबा म्हणाले. "लोकपण हसत. मी बाकड्यावरसून उडी मारलंय की अख्खी जत्रा हसा. बाकडोच आमचो रथ. पण गो बाय, पळालो तो सगळ्यांका दिसता. परत रथार चढलो, तां कोण बघता? अर्जुनान तेका काय सांगितल्यान? लढ म्हणान सांगितल्यान? नाय. म्हणालो, लढाईचा मी बघतंय, तू फक्त लगाम धर. आणि धरल्यान मां तेणा?"

हाच उत्तर पुढे महायुद्धाच्या पहिल्याच दिवशी शल्याशी लढताना पडला, हे मला पाठ होतं. तरी तो मला कधी शूर वाटला नव्हता.

त्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजच्या इतिहास मंडळाची शिवडीच्या किल्ल्यावर सहल निघाली. किल्ल्याची माहिती सांगायला सरांनी माझं नाव घातलं, कारण वह्यांमधून त्यांना माझं वेड कळलं होतं. मी आठवडाभर तयारी केली आणि आबांना बरोबर नेलं. खाली चिखलात फ्लेमिंगो उभे होते. त्यांच्याकडे बघून आबा म्हणाले, "हे बघ, एका पायार उभे आसत. तुका दोन आसत."

सर म्हणाले, "हं, सुरू कर." मुलांचे चेहरे माझ्याकडे वळले. मी कागद उघडला, अक्षरं हलायला लागली, आणि मी कागद तिथेच टाकून उतारावरून धावत सुटले.

दगडी दरवाजाशी मला हुंदका आवरेना. थोड्या वेळाने मी टाकलेला कागद घेऊन आबा धापा टाकत आले.

"पळालंस? बरां केलंस. आता खंय जातलंस?"

"घरी. मला नाही जमणार बोलायला."

"तर नको बोलू. तो कागद त्या चष्मेवाल्या पोरीकडे दे, ती वाचतली. तू फक्त हात दाखव. बुरूज खंय, कैदी खंय ठेयत. बोट तर दाखवशीत मां?"

बोट दाखवता येईल असं मला वाटलं. आम्ही परत वर गेलो. चष्मेवाली, म्हणजे माझी वर्गातली श्रुती, वाचू लागली आणि मी बोट दाखवू लागले. श्रुतीने दुसऱ्याच मिनिटाला तट आणि बुरूज यांची अदलाबदल केली. मी म्हटलं, "तो तट आहे." तिने पुढे आणखी घोटाळा केला. मी पुन्हा म्हटलं. शेवटी तिने कागद माझ्या हातात कोंबला. "तूच सांग ना बाई, माझी लाज काढतेस ती!" सगळे हसले. मीही हसले, आणि बोलत राहिले. आवाज दोनदा फाटला. एकदा थांबून श्वास सोडावा लागला. आबा एका दगडावर बसून काकींनी दिलेले लाडू सरांना खिलवत होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

भीती त्या दिवशी गेली नाही, अजूनही येते. पण मी कॉलेज बुडवणं थांबवलं. बारावी झाली, पुढे इतिहासच घेतला. आबा-काकी मात्र मुंबई सोडून गावी गेले. निघताना आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता काही मोठं वाक्य येईल. तर म्हणाले, "घटोत्कचाची गदा अजून दांडोच दिसता."

गेल्या वर्षी मी रविवारी लोकांना किल्ले दाखवायचं काम सुरू केलं. पहिला रविवार शीवच्या किल्ल्यावर. टेकडीच्या पायथ्याशी माणसं जमली होती आणि मी जरा दूर झाडाखाली उभी राहून आबांना फोन लावत होते. त्यांनी लगेच उचलला, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "बरां झाला फोन केलंस. आज जत्रा आसा. हेनी माका परत उभो केल्यानी, इतक्या वर्सांनी. सकाळपासून पोटात खळबळता. माका जमाचा नाय गो. काय तरी सांग."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. म्हटलं, "आबा, ओकून घ्या. मग पखवाजवाला कोण आहे बघा आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवा. पहिलं वाक्य चुकलं तर चुकू दे. तुमच्या कंपनीत लिहिलेलं कुठे असतं?"

पलीकडे आबांनी घसा खाकरला. मग, "खरांच गो. पखवाजवालो नवो आसा, पण खांदो दांडगो आसा तेचो. बरां, ठेवतंय." आणि ठेवलासुद्धा.

काकींनी नंतर मला सांगितलं की ते मला सावरायला घेतलेलं सोंग नव्हतं; म्हातारा खरोखर दिवसभर जेवला नव्हता, आणि त्या रात्री त्याने बाकड्यावरून अशी उडी मारली की जत्रा उठून उभी राहिली.

माझ्या मात्र फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आपण कशासाठी फोन केला होता ते सांगायचं राहूनच गेलं. पुन्हा लावला नाही. लोक वाट बघत होते. मी पाण्याचा एक घोट घेतला आणि त्यांच्याकडे चालत गेले.