सुलभाताईंना न सांगता आलेली वेळ

काय संशोधन करता, असं कुणी विचारलं की सुलभाताई समोरचा पाव सुरीने तिरका कापायच्या आणि दोन्ही तुकडे एकमेकांकडे रेटायच्या. वरचा तुकडा हळूच खालच्यावर चढायचा. "हिमालयाच्या पायथ्याशी जमीन अशी चढते. दोन्हीकडून दाब, मधे तिरकी भेग," त्या म्हणायच्या.

सिंगापूरला क्लेमेंटी भागातल्या एका फ्लॅटमध्ये आमच्या खोल्या शेजारी होत्या. मी पीएचडीला नवा, त्या पन्नाशीच्या, एकट्या. माझ्या विषयातलं मी इंग्रजीत सांगू लागलो की थांबवायच्या. "मराठीत सांग. तुला किती समजलंय ते कळेल."

दर हिवाळ्यात त्या पायथ्याच्या एका गावी, जुन्या भूकंपांच्या खुणा शोधायला, भेगेवर चर खणायला जायच्या. मुक्काम कमलादेवी नावाच्या विधवेकडे. एका वर्षी तिने विचारलं, "मुलाचं लग्न ठरलंय. वर मजला चढवू का?"

"इथे मोठा भूकंप होणार हे नक्की. कधी, ते सांगता येत नाही."

"माझ्या हयातीत?"

"सांगता येत नाही."

मजला चढला. दोन वर्षांनी भर दुपारी ती भेग सरकली. ताईंनी फोन लावला तेव्हा मुलाने उचलला. आई आणि बायको वरच्याच मजल्यावर होत्या, तोच कोसळला. मग त्याने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना?" ताई "हो" म्हणाल्या.

त्या भेगेचा ताईंनी काढलेला नकाशा तंतोतंत बरोबर ठरला होता. अभिनंदनाच्या मेल येत राहिल्या. विद्यापीठातल्या त्यांच्या विभागाने व्याख्यान ठेवलं. ताईंनी पडद्यावर नकाशा लावला, त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि व्याख्यान न देताच खाली येऊन बसल्या. त्याच आठवड्यात राजीनामा दिला.

"तुम्ही सांगितलं होतंत की, ताई," मी म्हणालो.

"शास्त्राला धरून होतं तेवढंच सांगितलं. 'बांधू नका' म्हणायला काय लागत होतं? माझं चुकलं तर हसं होईल, एवढीच भीती होती रे."

सिंगापूर सोडून त्या थेट त्या गावी गेल्या. मुलगा पत्र्याच्या शेडमध्ये राहत होता. बाहेर दगडावर त्या तीन दिवस बसून राहिल्या; तो समोरून ये-जा करायचा, बघायचा नाही. चौथ्या दिवशी सकाळी शेजारीण चहा घेऊन आली. मुलाने तिच्याकडून निरोप धाडला होता: खाली जाणारी बस दहा वाजता सुटते.