आधी पाणी, मग माणूस

माझ्या मेव्हण्याएवढा मोजणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात न्हाई, आणि निघालाच तर हा त्यालाही मोजून पाहील! माझं शिक्षण चौथीपर्यंत, म्हणून त्याची नोकरी मला कळली तेवढीच सांगतो. शहरातल्या कॅन्सरच्या दवाखान्यात किरणांचा शेक द्यायचं मोठं मशीन आहे. ते माणसाच्या अंगात नेमका किती शेक सोडतं, हे तो मोजतो. रोज सकाळी पाण्यानं भरलेली टाकी मशीनखाली ठेवायची, पाण्यात पेन्सिलीएवढी दांडी सोडायची, मशीन चालू करायचं आणि आकडा बघायचा. माणसाच्या अंगात पाणीच जास्त, म्हणून पहिला पेशंट पाणी! वर पाणी किती गरम, हवेचा दाब किती, तेही लिहायचं. आकडा बराबर आला तरच माणसांना दार उघडायचं.

हे वेड दवाखान्यात ठेवून येईल तर शपथ! कुरुंद्याला आमच्याकडं आला की हळद शिजायच्या कढईत थर्मामीटर, आंघोळीच्या बादलीत थर्मामीटर. गडीमाणसं हसून बेजार. त्याच्या छातीवर एक बिल्ला असतो, स्वतःला किती किरण लागले ते कळायला. माझी बायको, म्हणजे त्याची थोरली बहीण, गल्लीभर सांगायची, "सरकारनं मेडल दिलंय त्याला!" तिच्या चहावर मात्र त्याची कायमची तक्रार, कारण ती साखर मुठीनं टाकायची. हा ओरडायचा, "अक्का, चमच्यानं मोज की गं!" ती म्हणायची, "गप पी. टाकी न्हाईस तू पाण्याची."

मग तिलाच गाठ निघाली आणि त्याच मशीनखाली जावं लागलं. बाराव्या दिवशी सकाळी पाण्यातला आकडा चुकला, शंभराला चार जास्त. ह्यानं मशीनच बंद केलं! गावोगावचे पेशंट खोळंबले. मी भडकलो, "आरं, सख्खी बहीण हाय तुझी! एक दिवस हुकला आन् काही झालं तर?"

हा दारात हात पसरून उभा. "सख्खी नसती तरी बंदच केलं असतं, दाजी."

मी चारचौघांत त्याला नको नको ते बोललो. बायको बाकावर बसून हसून राहिली होती. "त्याला पाढे मीच शिकवले. भोगा आता!" दुसऱ्या दिवशी मशीन सुधारलं, पाण्यानं पास केलं, मग ती आत गेली.

पुढची हळद निघायच्या आत ती गेली. तो हुकलेला दिवस माझ्या डोक्यातून काही जाईना. परवा मेव्हणा आला तेव्हा मी सरळ विचारलं, "त्या एका दिवसापायी गेली का रे ती?"

त्यानं पिशवीतून वही काढली. तिचा एकेक दिवस आकड्यासकट लिहिलेला. हुकलेला दिवस शेवटी भरून काढलेला. "न्हाई दाजी. जेवढं द्यायचं तेवढं बराबर गेलं."

"मग गेली काहून?"

वही मिटून तो उठला, चहाला पाणी ठेवलं, आणि डब्यात हात घालून साखर मुठीनं टाकली.

चहा गोडमिट्ट. त्यानं एक घोट घेऊन माझ्याकडं बघितलं.

"जास्त झाली का, दाजी?"

"बराबर हाय," मी म्हणालो.