गुप्तहेराला आई होती का?

जुन्या इंग्रजी गुप्तहेराच्या सिनेमांबद्दल माझं मत आजवर कुणी विचारलेलं नाही. बरंच झालं म्हणा. दर रविवारी आमच्या डिचोलीच्या घरात त्या सिनेमांचा कीस पडतो आणि तो ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. कीस पाडणारे दोघे भाऊ. थोरला माझा नवरा, धाकटा माझा दीर. दीर पार्सेला असतो, बायकोच्या माहेरची काजूची बागायत बघतो. रविवारी स्कूटरवरून येतो, आतल्या खोलीत जाऊन खाटेवरच्या आईच्या पायांना हात लावतो, "आई, बरी आसा गो?" असं विचारतो, आणि सासूबाई तोंड उघडेपर्यंत बाहेर येऊन हॉलमधल्या कदेलावर, आमच्या त्या जुन्या खुर्चीवर, बसलेला असतो.

सासूबाई पडून आहेत. कमरेचं हाड मोडलं तेव्हापासून उठणं नाही. त्यांना कुशीवर वळवणं, पुसणं, कपडे बदलणं, भरवणं, सगळं माझ्याकडे. माझा मुलगा बोटीवर नोकरीला. एक बाई ठेवून बघितली, तर सासूबाईंनी तिच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. शेवटी तीच कंटाळून गेली. आणि आता माझी गर्भाशयाची पिशवी काढायची आहे. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, आता टाळू नका, आणि ऑपरेशननंतर दीड महिना पाण्याची बादलीही उचलायची नाही. बादली नाही, मग माणूस कसं उचलू? म्हणून माझं मागणं एवढंच होतं, की तेवढे दिवस दिराने आईला पार्सेला न्यावं. हे त्याच्या कानावर घालायचं काम ह्यांचं, आणि तिथेच घोडं अडलेलं.

"आज बोलणार ना?" मी दर रविवारी सकाळी बांगडे साफ करताना विचारायची.

"बोलतो गो. जेवण होऊ दे."

जेवण व्हायचं आणि गाडी गुप्तहेरावर जायची.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगते, गुप्तहेर एकच, पण नट बदलत गेले. ह्यांचा जीव पहिल्या नटावर. "तो नुसता दारात उभा राहिला तरी कळायचं, हा माणूस जीव घेऊ शकतो," असं हे म्हणणार. दिराला दुसरा प्यारा. "उभा काय, दिव्याचा खांबही राहतो, दादा. दुसऱ्याकडे बघ. डोक्याला पिस्तूल लावलेलं असताना विनोद करायचा." "विनोद करायला बोलावला होता की देश वाचवायला?" मग गाड्यांच्या शर्यती. दीर म्हणायचा, जुन्या सिनेमांत मागे पडदा लावून गाडी जागच्या जागी हलवायचे, लहान मुलालाही कळतं. नट चाक फिरवतो उजवीकडे आणि रस्ता वळतो डावीकडे. हे म्हणायचे, आताच्या सिनेमांत सगळं संगणकावर करतात, त्यापेक्षा तो पडदा बरा, निदान नटाला घाम तरी फुटायचा. डोंगराच्या पोटातला खलनायकाचा अड्डा कुठल्या सिनेमातला सरस, यावर तर एकदा सोलकढी सांडेपर्यंत भांडले. शाळकरी वयात दोघं म्हापशाला जाऊन हे सिनेमे बघायचे. इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं. परतीच्या बसमध्ये मुळात गोष्ट काय होती यावर वाद सुरू व्हायचा, तो अजून संपलेला नाही.

एरवी मला हसूही यायचं. ह्यांना असं तोंडभर बोलताना बघून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? आमोण्याला नदीकाठी बार्जमध्ये खनिज भरण्यावर हे देखरेख करायचे, तेव्हा त्यांचा आवाज पलीकडच्या काठावर ऐकू जायचा. खाण बंद पडली तसा तो आवाजही बसला. आठवडाभर हूं की चूं नाही, रविवारी तेवढा परत यायचा. म्हणून मीही कितीतरी रविवार गप्प बसले. पण ओटीपोटात कळ आली की माझी ही सगळी माया आटायची.

अशाच एका रविवारी जेवणं झाली, टीव्हीवर जुना सिनेमा लागला, आणि हे आडवळणानेसुद्धा विषय काढीनात. मी हात पुसत बाहेर आले आणि विचारलं, "तुमच्या ह्या माणसाला आई होती की नाही हो?"

मला वाटलं, समजतील. दोघांनी माना वळवून माझ्याकडे बघितलंही. मग दीर मांडीवर थाप मारून म्हणाला, "वयनी, हो खरो प्रस्न!"

"अनाथ तो," हे म्हणाले.

"जुन्या सिनेमांत कुठे सांगितलंय तसं?"

"सांगायचं कशाला? तीच तर जुन्यांची गंमत. मागचं पुढचं काही नाही. माणूस आला, काम केलं, गेला. नव्यांनी त्याचं बालपण उकरून काढलं आणि वाट लावली."

"वाट कसली? उलट आता कुठे तो माणसासारखा वाटतो!"

आणि लागले की परत! आई राहिली बाजूला. देवा, हसावं की रडावं तेच कळेना. मी जाऊन टीव्हीचा खटका बंद केला.

"भावजी, माझं ऑपरेशन आहे. दीड महिना आईंना पार्सेला न्या."

दिराने ह्यांच्याकडे बघितलं. हे बंद टीव्हीकडे बघत राहिले.

"नेली असती गो वयनी," दीर हळूच म्हणाला. "पण आमची बालवाडीत शिकवायला जाते, मी दिवसभर बागेत. घराला ह्या एवढ्या पायऱ्या. पुढल्या रविवारी सांगतो. घरात विचारून."

पुढल्या रविवारी तो आलाच नाही. बांगडे मी उगाच जास्त आणले. आतून सासूबाई पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "धाकटो येवंक ना?" स्कूटर बिघडली, असं मी सांगून टाकलं. दुपारी ह्यांचा फोन वाजू लागला. बघते तर दिराने कुठल्याशा जुन्या सिनेमातल्या मारामारीचा तुकडा पाठवलेला आणि खाली लिहिलेलं, दादा, आता बोल. आणि हे चष्मा लावून, एका बोटाने टाइप करत, गालातल्या गालात हसत उत्तर देत होते.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. ओरडले मात्र नाही. ओरडायलाही अंगात त्राण लागतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन करून तारीख घेतली आणि चहा देताना ह्यांना सांगितलं, "बुधवारी मला दाखल व्हायचंय. आईंचं तुम्ही बघायचं."

"मी?"

"तुम्ही. नाहीतर कोण आहे?"

मंगळवारी सकाळी त्यांना शिकवायला घेतलं. कोमट पाण्याचं भांडं भरून दिलं, फडकी दिली, पावडर दिली. ह्यांनी बाह्या सरसावल्या आणि खाटेशी नुसतेच उभे राहिले. हात कुठे घालावा तेच कळेना त्यांना. शेवटी पांघरूण बाजूला केलं. आज सून नाही, मुलगा आहे, हे सासूबाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी गाऊन गुडघ्यांखाली ओढला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"ताका भायर धाड," त्या मला म्हणाल्या. "तूं यो गो. तूंच यो."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी ओळखते. आता ही पुढे येईल, "सोडा, तुम्हाला नाही जमायचं" म्हणेल, याची वाट बघणारं. माझे हात पुढे झालेही होते. म्हातारीला लाज वाटत होती, पोटच्या मुलाची लाज, आणि ती मला माझ्या अंगावर कळत होती. मीही एक दिवस अशीच पडेन. मलाही मुलगाच आहे.

मी हात मागे घेतले.

"एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली," मी ह्यांना म्हटलं. "ओढू नका. उचला."

त्यांनी उचललं. सासूबाई आवाज न करता रडत होत्या, आणि हे "झालं हां आई, झालं" म्हणत होते. मी दाराला टेकून ते सगळं बघितलं, पण मदतीला पुढे गेले नाही.