हलक्या बॅटरीचा संशय

"नवी सून लई गप हाय. गप माणसावर ध्यान ठेवावं," मामंजी ह्यांना सांगत होते. मधे फक्त पडदा, आणि पडद्याअलीकडे मी चहा गाळत होते. नांदेडात सासऱ्यांचं बॅटरीचं दुकान पुढं, घर मागं. त्यामुळं असे किस्से जुन्या बॅटऱ्यांसारखे साचत जातात, टाकवतही नाहीत.

*

मामंजींचा संशय सगळ्यांवर, भरोसा फक्त वजनावर. शिशाची बॅटरी ते दोन्ही हातांनी उचलतात, मान डोलावतात, मगच घेतात. चाकूरहून माझ्या माहेरचा मिक्सर आला, तोही उचलून पाहिला. "आत मोटर हाय का नुस्तं खोकं?" मिक्सर माळ्यावर गेला. मी चटणी पाट्यावर वाटते.

*

एक एजंट लिथियमची बॅटरी घेऊन आला. मामंजींना ती एका हातानं उचलता आली आणि तिथंच बोलणं संपलं. "हवा विकून राहिला का?" लिथियम हलकंच असतं, एजंट समजावू लागला, परदेशातल्या खाणीतून निघतं, कुठं कुठं तर खारं पाणी उन्हात वाळवून काढतात. मामंजींनी बॅटरीला बोट लावलं, बोट जिभेला लावलं.

"अळणी हाय."

*

नमुना म्हणून तो ती ठेवून गेला. दुपारी लाईट गेली तेव्हा ह्यांनी ती गुपचूप इन्व्हर्टरला जोडली. लाईट येईपर्यंत पंखा गरगरत होता. मामंजी त्याच वाऱ्याला बसून म्हणाले, "शेजाऱ्याकडून वायर वढली असंल."

*

पुढच्या आठवड्यात तोच एजंट, तसलीच बॅटरी. ह्या वेळी ती दोन्ही हातांनी धरून उतरवावी लागली. कंपनीनं सुधारणा केली म्हणे. झाकणाचे स्क्रू ताजे ओरखडलेले. टेकवताना आत दगडासारखं काहीतरी घरंगळलं. मामंजींनी मात्र फक्त उचलून पाहिलं. "ह्याला म्हणतात बॅटरी!"

बाहेर सलीमचाचा ई-रिक्षा घेऊन उभे होते. त्यांची जुनी बॅटरी पार बसलेली, गुरुद्वाऱ्याच्या सवाऱ्या दुसरे पळवून नेऊ लागलेले. मामंजी म्हणतील ती बॅटरी चाचा आजवर डोळे झाकून घेत आलेले. "पोट हिच्यावरच हाय भाऊ. तुम्ही हाव म्हणा, बसवून टाकू."

मामंजी हाव म्हणाले. ह्यांनी पाना घेतला. मी चहाचा ट्रे काउंटरवर ठेवला.

"मामंजी, आपला पाटा हिच्यापेक्षा जड हाय. तोच बसवायचा का चाचांच्या रिक्षाला?"